सावकाशरावांची थोरली

सावकाशराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. गॅरेजच्या गल्लीत ड्रायव्हर लोकांनी ते पाडलं आणि घरीदारी तेच रुळलं. डिझेल पिकअपचे फिल्टर बदलणं हा त्यांचा धंदा. बत्तीस वर्षांत त्यांच्या हातची एकही गाडी वाटेत बंद पडली नव्हती. ‘सगळी देवाची कृपा’ असं ते म्हणत, पण म्हणताना मान जरा ताठच व्हायची.

अलीकडे नजर अधू झाली, म्हणून पाना थोरल्या मुलीच्या हाती गेला. शेवटी तपासून ‘लाव’ म्हणायचं तेवढं त्यांनी स्वतःकडे ठेवलं. तेही सुटलं तर आपण घरात बसून भिंती मोजणार, हा धसका त्यांनी बायकोलासुद्धा सांगितला नव्हता.

त्या सकाळी इस्पितळाच्या ऑक्सिजन सिलिंडरची पिकअप धापा टाकत आली. ड्रायव्हर उतरायच्या आधीच ओरडला, “सावकाशराव, आज नावाला जागू नका हो! अकराला सिलिंडर पोचायला हवेत.”

“वर्षभर फिल्टर बदलायचं सुचलं नाही, आणि घाई मात्र आमच्या डोक्यावर!” थोरलीने गाडीखाली वाकता वाकता सुनावलं.

तिने जुना फिल्टर फिरवून काढला. आतलं डिझेल काजळीसारखं काळं. सावकाशरावांनी बैठक, म्हणजे फिल्टर जिथे घट्ट बसतो ती जागा, फडक्याने पुसली, डोळे बारीक करून पाहिली. “स्वच्छ आहे. लाव.”

थोरलीने नवा फिल्टर उचलला आणि परत खाली ठेवला. बैठकीच्या कडेवरून तिने बोट फिरवलं.

“अगं ताई, बाबांनी बघितलंय ना? आता काय मुहूर्त शोधतेस?” ड्रायव्हर चुळबुळला.

तिने नख घातलं, तशी जुन्या फिल्टरची रबरी रिंग सुटून हातात आली. काळ्या लोखंडाला चिकटलेली काळी रिंग. तिच्यावरच नवी बसली असती तर फटीतून हवा शिरून गाडी सिलिंडरसकट चढावर अडकली असती.

बापाची चूक परक्यासमोर कशाला, म्हणून थोरलीने झटकन मूठ मिटली. “काही नाही, लावते.”

सावकाशरावांना रिंग दिसली नव्हती, मिटलेली मूठ मात्र दिसली. गप्प राहिलं असतं तर नाव शाबूत, काम शाबूत. त्यांनी हात पुढे केला.

“मूठ उघड, बाळ.”

रिंग घेऊन त्यांनी ती ड्रायव्हरच्या नाकासमोर धरली. “ही माझ्या नजरेतून सुटली. हिच्या बोटातून नाही सुटली.”

“तुम्ही? आणि चूक?”

“झाली खरी. माझ्या शब्दावर हिनं डोळे मिटून काम केलं असतं, तर तू आत्ता रस्त्यात मला शिव्या घालत असतास.”

थोरलीने नवा फिल्टर बसवला, हातपंप दाबून आतली हवा काढली. बुडबुडे थांबेपर्यंत ती हटली नाही. गाडी पहिल्याच चावीला सुरू झाली. सवयीने ती म्हणाली, “बाबा, एकदा बघता?”

“तू बघितलंस ना? झालं तर मग.”

सिलिंडरची गाडी वळणावर दिसेनाशी होते न होते तोच दुसरी पिकअप दारात लागली. “सावकाशराव, जरा बघता का?”

“मी नाही,” ते ऐटीत म्हणाले. “मिस्त्री त्या बघा, हात पुसताहेत. त्यांना विचारा.”