आमच्या गणपतीला आलेल्या सतरा बंदुका

गेल्या वर्षी आमच्या घरी गणपतीच्या दर्शनाला चौदा माणसं आणि सतरा बंदुका आल्या होत्या.

माणसं मी बोलावली होती. बंदुकाही मीच बोलावल्या, असं आमच्या घरमालकीणबाई अजून म्हणतात, आणि शब्दशः पाहिलं तर त्यांचं काही चूक नाही.

मी आणि माझा नवरा सुहास, आम्ही मॉन्टानातल्या एका छोट्या गावात हायस्कूलचे शिक्षक आहोत. गावाला गणिताची मास्तरीण मिळेना म्हणून त्यांनी जगभर शोधाशोध केली आणि थेट बार्शीहून मला आणलं. एकावर एक फ्री असतं तसा त्यांना सायन्ससाठी सुहास मिळाला! गावात सिग्नल एक, चर्च चार आणि देशी कुटुंब एक, म्हणजे आम्ही. हिंग संपला की तीन तास ड्राइव्ह करावं लागतं. शाळेत मुलं मला 'मिसेस डी' म्हणतात, कारण पहिल्या दिवशी 'ढवळीकर' म्हणताना एकाला ठसका लागला होता. जाताना जो तो 'हॅव अ गुड वन' म्हणतो. गुड काय, ते कुणी सांगत नाही. मी सहा महिने प्रत्येकाला 'सेम टू यू' म्हणत काढले.

एवढं सोडलं तर सगळं छान चाललं होतं. आमची नऊ वर्षांची ईरा शाळेत रमली होती. आणि मग ऑगस्टमध्ये सासूबाई आल्या.

सासूबाई निवृत्त मुख्याध्यापिका. त्या बार्शीहून लाडू, मेतकूट आणि एक ठराव घेऊन आल्या होत्या. ठराव असा, की परत जाताना नातीला बरोबर न्यायचं. बार्शीतल्या शाळेत तिची जागासुद्धा त्यांनी राखून ठेवली होती, आणि सुहासकडून स्वतःच्या शेजारची सीट तिच्यासाठी बुक करून घेतली होती. (सुहास आईला 'नाही' म्हणू शकत नाही. मला म्हणू शकतो.)

"मी रोज बातम्या बघते, मेघना," त्या म्हणाल्या. "या देशात माणसांपेक्षा बंदुका जास्त. पोरीला अशा ठिकाणी ठेवायचं?"

"आई, ते मोठ्या शहरांत! आपलं गाव तसं नाही. गणपतीची शपथ घेऊन सांगते, दीड वर्षात मी एकही बंदूक बघितलेली नाही!"

ही शपथ खरी होती. इथे प्रत्येकाच्या ट्रकमध्ये ती लांबलचक बॅग असते ना, ती मला मासे पकडायच्या गळाची वाटायची.

"बरं," सासूबाई म्हणाल्या. "गणपती होईपर्यंत बघते. मग ठरवू."

ईरा गेली तर या घरात मी आणि सुहास एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसणार, या विचाराने मला जेवण जाईना. मी ठरवलं, गणपतीला गावातली झाडून सगळी चांगली माणसं बोलवायची. त्यांना भेटलं, की सासूबाई आपोआप विरघळतील!

चतुर्थी मंगळवारी होती, पण आमच्याकडच्या गणपतीला शाळेची सुट्टी बघूनच यावं लागतं, म्हणून तो शनिवारी येणार होता. गुरुवारी कुंपणापाशी घरमालकीणबाई भेटल्या. यांचं नाव डॉना. वय ऐंशीच्या घरात, मन सोन्याचं, आणि कानातलं यंत्र बॅटरी वाचवायला बहुतेक वेळ बंद. त्यात वारा असा, की माझी ओढणी डॉनाच्या तोंडावर जात होती. (पुढचं बोलणं इंग्रजीत झालं. तुमच्यासाठी मराठीत सांगते.)

"डॉना, शनिवारी संध्याकाळी आमच्याकडे गणपती आहे. नक्की यायचं!"

डॉना बघतच राहिल्या. "तुमच्याकडे? तुम्ही लोक असलं करता?"

"दर वर्षी! आमच्या देशात घरोघरी असतो."

"घरोघरी! आणि मला वाटायचं तुम्ही शांत माणसं." मग जरा जवळ येऊन, "केवढा आहे?"

"छोटासाच. नऊ इंच. सुहासने स्वतः बनवलाय."

"स्वतः? घरी?"

"सुरुवात शाळेत केली, आर्ट रूममध्ये. फिनिशिंग घरी."

डॉनांनी कुंपण घट्ट धरलं. "प्रिन्सिपलना माहीत आहे?"

"म्हणजे काय! सामान त्यांनीच दिलं, एक प्रश्नही न विचारता!"

"आणि नंतर?"

"दुसऱ्या दिवशी नदीत सोडायचा. तळाला गेला की विरघळतो, मागे काही म्हणजे काही राहत नाही!"

डॉनांनी एकदा आमच्या घराकडे आणि एकदा नदीच्या दिशेने बघितलं. मला वाटलं, श्रद्धेने भारावल्या. मग म्हणाल्या, "हनी, आम्ही इतकं सगळं नाही करत. पण येताना आम्ही आमचं आणलं तर चालेल?"

मला वाटलं खायचं. "आणा की! घरचं असेल तर उत्तमच."

"माझ्या नवऱ्याकडे, हॅरॉल्डकडे एक आहे. त्याच्या आजोबांच्या वेळचं."

"आजोबांचं!" मला वाटलं लोणचं. "मग तर आणाच! आणि बाकीच्यांनाही सांगा, प्रत्येकाने आपापलं आणा!"

इतिहासात एकदा 'ध'चा 'मा' झाला होता, तसा आमच्या कुंपणावर 'ण'चा 'न' झाला. अमेरिकनांच्या कानात 'ण' शिरतच नाही. त्यात वारा, त्यात बंद यंत्र! आणि मराठीत कसं, तो गणपती आणि ती बंदूक. दुसऱ्याच वाक्याला भांडं फुटलं असतं. इंग्रजीत देवापासून दारूगोळ्यापर्यंत सगळं 'इट'. तिथेच घात झाला.

शनिवारी दुपारपासून सासूबाई किचनमध्ये मोदक करत होत्या. हॉलमध्ये सुहासने गणपती मांडला आणि पुढे माझ्या पैठणीचा पडदा लावला. सगळे जमले की आरतीच्या वेळी तो सरकवायचा, असा आमचा नाट्यपूर्ण बेत होता. (पडदा नसता तर हा लेखही नसता.)

पाच वाजता पहिला पाहुणा आला, शाळेच्या बसचा ड्रायव्हर. त्याने दारातच माझ्या हातात एक छोटी तेलाची बाटली दिली. "खास तुमच्या आजच्या कार्यक्रमासाठी!"

मला गहिवरून आलं. या परक्या माणसाला समईला तेल लागतं हे कळावं! मी बाटली पडद्यामागे समईशेजारी ठेवली. मग हॅरॉल्ड आणि डॉना आले. हॅरॉल्डच्या हातात लांब चामड्याची पेटी होती. मला वाटलं सनई. निदान सनईसारखं काहीतरी. लोणचं नाही म्हणून थोडी हिरमुसले, पण म्हटलं, चला, आरतीला वाद्य झालं. बूट बाहेर काढायला सांगितले, त्यांनी काढले.

तिसरा पाहुणा फुटबॉलचा कोच. त्याच्या खांद्यावर जे होतं त्याला पेटी नव्हती.

मागून एकामागून एक ट्रक येऊन थांबत होते आणि शेजारीपाजारी, मुलांचे पालक, एवढंच काय आमचे प्रिन्सिपलसाहेब, हसतमुखाने, पायात मोजे आणि काखेत बंदूक अशा अवस्थेत माझ्या घरात शिरत होते! माझ्या शाळेचा प्रिन्सिपल! दोन घेऊन! "ठरवता येईना कुठली आणू," तो लाजत म्हणाला.

दहा मिनिटांत दाराबाहेर बुटांची रांग आणि दाराआत भिंतीला टेकवलेल्या बंदुकांची रांग, अशा दोन शिस्तशीर रांगा लागल्या.

मी सुहासला कोपऱ्यात ओढलं. "अहो, हे काय आहे?"

"होईल गं नीट," सुहास म्हणाला. पण त्याचा आवाज सातवीतल्या मुलासारखा फाटला होता.

"काय नीट होईल? आई आतून बाहेर आल्या तर?"

तेवढ्यात ईरा धावत आली. तिचे डोळे बशीएवढे झाले होते. "आई! डू यू नो व्हॉट दे थिंक? दे थिंक इट्स अ गन पार्टी! गणपती, गन पार्टी! आई, यू इन्व्हायटेड देम टू अ गन पार्टी!"

माझ्या डोक्यात कुंपणावरचं सगळं संभाषण उलट्या क्रमाने धावलं. नऊ इंच. घरी बनवलेला. नदीत सोडायचा, मागे काही राहत नाही. अरे देवा! मी गावाला सांगितलं होतं, की आम्ही शाळेच्या आर्ट रूममध्ये पिस्तूल तयार करतो आणि वापरून झालं की पुरावा नष्ट करतो. आणि तरीही ही माणसं आली होती! मला रडू यावं की हसू, तेच कळेना.

"मेघना!" किचनमधून आवाज आला. "मोदक झाले गं! माणसं किती आली?"

"चौदा!" मी ओरडले. "आई, तुम्ही आतच थांबा! बाहेर खूप... खूप गर्दी आहे!"

पण हॅरॉल्डचा धीर सुटला होता. त्याने सुहासच्या पाठीवर थाप मारली. "चल, दोस्ता! आमचं सगळं बघितलंस. आता तुझं नऊ इंची दाखव!"

चौदा जण पैठणीभोवती गोळा झाले. सुहासने माझ्याकडे बघितलं, मी गणपतीकडे, म्हणजे पडद्याकडे. काही सुचेना म्हणून सुहासने पडदा सरकवला.

आत आमचा बाप्पा, दुर्वा, जास्वंद न मिळाल्याने लाल जिरेनियम, आणि बंदुकीला घालायच्या तेलाची बाटली.

प्रिन्सिपलने मान वाकडी करून मूर्तीच्या मागेही बघून घेतलं. "सुंदर आहे," तो हळूच म्हणाला. "पण... याच्यात गोळी कुठून भरतात?"

"ही इज नॉट अ गन!" ईरा स्टुलावर चढून ओरडली. "ही इज गणपती! ही इज अ गॉड! माय मॉम सेड इट राँग!"

(राँग मी म्हटलं? मी? पण ती वेळ वाद घालायची नव्हती.)

डॉनांनी तोंडावर हात धरला. त्यांनी कानातलं यंत्र चालू केलं होतं बहुतेक, कारण त्यांना आता सगळं स्वच्छ ऐकू येत होतं. "देव?" त्या किंचाळल्या. "आणि तुम्ही त्याला नदीत बुडवणार आहात?"

पिस्तूल बुडवतात म्हटल्यावर पार्टीला आलेली ती माणसं, देव बुडवतात म्हटल्यावर मात्र हादरून दोन पावलं मागे सरकली!

नेमक्या त्याच क्षणी किचनचं दार उघडलं आणि हातात निरांजनाचं ताट घेऊन सासूबाई बाहेर आल्या.

त्यांनी बाप्पाकडे बघितलं. माणसांकडे बघितलं. मग भिंतीकडे बघितलं. एक, दोन, तीन करत त्यांची नजर सतरापर्यंत गेली आणि शेवटी माझ्यावर येऊन थांबली. गणपतीची शपथ घेतलेल्या माझ्यावर. मी डोळे मिटले. मला विमानात बसलेली ईरा दिसायला लागली.

"एम्प्टी?" सासूबाईंचा आवाज. मी डोळे उघडले. त्या हॅरॉल्डला विचारत होत्या.

"यस, मॅम."

"ऑल? शो मी."

आणि काय सांगू, ही आडदांड माणसं ओळीत उभी राहिली! सासूबाई गृहपाठ तपासावा तसं एकेकासमोर गेल्या, प्रत्येकाने आपली बंदूक उघडून रिकामी असल्याचं दाखवलं. प्रिन्सिपलला दोन्ही दाखवायला लागल्या.

"गुड. नाऊ आउटसाइड. इन द ट्रक, लॉक," सासूबाई म्हणाल्या, आणि मग माझ्याकडे वळून, "यांना सांग, देवापुढे शस्त्रं खंडेनवमीला ठेवतात. आज फक्त मोदक."

मी सांगायला तोंड उघडणार तोच सासूबाईंनी हात वर केला. "तू नको. ईरा, तू सांग."

ईराने सांगितलं. सतरा बंदुका निमूट बाहेर गेल्या, चौदा माणसं निमूट परत आली. विसर्जनाचंही ईराने समजावलं, की तो बुडत नाही, घरी जातो. डॉनांनी डोळे पुसले. आरतीला टाळ्या चुकीच्या ठिकाणी पण मनापासून पडल्या. कोचने अकरा मोदक खाल्ले आणि बाराव्याला सासूबाईंनी त्याला "इनफ" म्हटलं, तर त्याने तो खरंच खाली ठेवला.

सगळे गेले तेव्हा बाहेर अजून ऊन होतं. सासूबाई सोफ्यावर बसल्या. मी आणि सुहास त्यांच्यासमोर उभे. निकाल काय लागणार हे मला माहीत होतं. मी मनात शब्द जुळवत होते.

"सुहास," त्या म्हणाल्या, "ईराचं तिकीट कॅन्सल कर."

माझ्या कानांवर विश्वास बसेना. "आई! खरंच? म्हणजे तुम्हाला गावातली माणसं आवडली!"

"माणसं चांगलीच आहेत. जोडे बाहेर म्हटलं जोडे बाहेर, बंदुका बाहेर म्हटलं बंदुका बाहेर. पण त्यासाठी नाही ठेवत तिला."

"मग?"

"तुम्ही दोघं इथे एकटे राहायचे म्हणजे मलाच धास्ती वाटते. घरात निदान एकाला तरी इंग्रजी यायला नको?"

मी मान खाली घालून रिकाम्या बश्या उचलायला लागले. लग्नाआधी मी बार्शीत इंग्लिश स्पीकिंगचे क्लास घेत असे आणि त्यात सुहासला सासूबाईंनीच हाताला धरून आणून बसवलं होतं, हे त्यांना इतक्यात आठवू नये म्हणून मी बाप्पाला एकवीस मोदकांचा नवस बोलले. मराठीत बोलले, उगाच धोका नको.