साडूचा उपास आणि माझं ताट

माझा साडू शमुवेल अत्यंत सज्जन माणूस आहे, आणि त्यामुळे माझं फार नुकसान झालं आहे.

सत्तरच्या दशकात आम्ही दोघंही पिंपरीच्या एकाच कंपनीत होतो. दिसायला तो माझ्यापेक्षा बरा नव्हता (हे मी आरशात खात्री करून सांगतोय), पण रविवारी चर्चमध्ये प्रार्थना म्हणायला पाळकसाहेब त्यालाच उभं करायचे. घरी माझी बायको रूथ उठता-बसता म्हणायची, "जरा दाजींचं बघा." शमुवेल तिच्या थोरल्या बहिणीचा, मार्थाक्काचा नवरा. दाजींचं बघून बघून माझे डोळे दुखायला लागले होते.

त्या वर्षी ईस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांच्या उपासात शमुवेलने मटण सोडलं. लगेच मीही सोडलं. देवाची आज्ञा म्हणून नव्हे, तो एकटाच स्वर्गाच्या रांगेत पुढे जाऊ नये म्हणून. पहिल्याच रविवारी पाळकसाहेबांनी 'दुसऱ्याचा न्याय करू नका' यावर लांबलचक उपदेश केला. मला तो फार आवडला. शमुवेलने तो नीट ऐकावा असं सारखं वाटत होतं.

आणि त्याच आठवड्यात मला तो सापडला! पहिली शिफ्ट सुटल्यावर साडू घराकडे न वळता भोसरीच्या दिशेने निघाला. सायकलच्या हँडलला रिकामा डबा. मी मागोमाग. नाशिक रस्त्यावरच्या एका मटण खानावळीत तो शिरला, तेही मागच्या दाराने. मला इतका आनंद झाला, की स्टँड न लावताच मी सायकल सोडली. ती शेजारच्या पंक्चरवाल्याच्या पाण्याच्या घमेल्यात आडवी झाली.

आत जाऊन मी कोपऱ्यातल्या बाकावर दबा धरला. मालक समोर येऊन उभा.

"काय आणू?"

"काही नको. नुसता बसतो."

"नुसतं बसाया हितं चावडी हाय व्हय?"

"बरं, एक चहा."

"चहा न्हाई. मटण हाय."

पाप पकडायचं तर थोडा खर्च येणारच. ताट आलं. मी तोंड फिरवून बसलो. पण मटणाच्या ताटासमोर तोंड फिरवून बसलेला माणूस लगेच डोळ्यांत भरतो. म्हणून संशय नको, एवढ्याचसाठी मी भाकरीचा तुकडा रश्शात बुडवला. मग एक फोड. शमुवेल काही स्वयंपाकघरातून बाहेर येईना. मालकाने न विचारता आणखी रस्सा ओतला. मी नळी तोंडाला लावली, आणि दारातून आवाज आला, "पाणी मिळेल का जरा?"

पाळकसाहेब. त्यांच्या सायकलचं पंक्चर निघत होतं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग नळीकडे.

"पाळकसाहेब," मी म्हणालो, "मी जेवायला आलेलो नाही."

"दिसतंय."

"मी पाप पकडायला आलोय. शमुवेलभाऊंचं. ते आत चोरून मटण खातायत."

तेवढ्यात शमुवेल भरलेला डबा घेऊन मालकाला पैसे द्यायला बाहेर आला. मी नळीनेच त्याच्याकडे बोट दाखवलं, "बघा!"

शमुवेल लाजला. खाली बघत म्हणाला, "मार्थाला दिवस गेलेत, साहेब. घरचं काही पोटात टिकत नाही. तिला इथलाच रस्सा लागतो. इतक्या वर्षांनी हे झालंय, म्हणून अजून कुणाला सांगितलं नव्हतं. मागच्या दाराने नेतो तो त्यासाठीच."

पाळकसाहेबांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. मग मला विचारलं, "आणि हे ताट?"

मी नळी हळूच ताटात ठेवली. उत्तर शमुवेलनेच दिलं. "मीच त्यांना म्हणालो होतो, साहेब. माझा उपास आहे, तेव्हा मार्थाला चालेल इतकंच तिखट आहे ना, ते तुम्ही जरा चाखून बघा."

"अख्खं ताट चाखलं?"

"सुधाकरराव कुठलंही काम मन लावून करतात," शमुवेल म्हणाला.

घरी येऊन मी रूथला सगळं सांगितलं. बहीण आई होणार म्हणून ती आधी रडली, मग माझ्या नळीवर पोट धरून हसली. शेवटी डोळे पुसत म्हणाली, "आता तरी पटलं ना, दाजी किती चांगले आहेत ते?"

मला ते लग्नाच्या मांडवातच पटलं होतं. तेच तर माझं दुखणं होतं.