पाया लेबारच्या प्लॅटफॉर्मवर

एमआरटीचे, म्हणजे इथल्या मेट्रोचे, दरवाजे मिटतानाचा तो बारीक आवाज ऐकला की अजून मी मागे कुणी राहिलं नाही ना ते बघतो. दोन हजार चार साल. आई साताऱ्याहून पहिल्यांदाच आमच्याकडे परदेशात आली होती. पाया लेबारचं माझं ऑफिस तिला दाखवून आम्ही वुडलँड्सला घरी निघालो होतो. गर्दीत मी आधी आत शिरलो आणि दरवाजे मिटले. काचेपलीकडे आई हसत उभी होती. दार पुन्हा उघडेल असंच तिला वाटत होतं. "तिथंच थांब!" मी ओरडलो, पण गाडी सुटली. तिच्याकडे मोबाइल नव्हता, इंग्रजी येत नव्हतं. पुढच्या स्टेशनवरून उलटी गाडी पकडून आलो, तर प्लॅटफॉर्मवर ती नव्हती. जिने उतरत धावलो. खाली स्टेशनच्या ऑफिसात तिथल्या एका मलय कर्मचारी बाईशेजारी ती पिशवी छातीशी धरून बसली होती. "ॲड्रेस, ॲड्रेस विचारत होती रे ही," आई म्हणाली, "मला आपला साताऱ्याचाच येतो. तोच सांगत बसले." दीड महिना ती माझ्या घरात राहत होती आणि त्या घराचा पत्ता मी तिला सांगितलाच नव्हता. घरी पोचल्यावर मी तो देवनागरीत कागदावर लिहून तिच्या पिशवीत ठेवला; आता आई नाही, पिशवीत तो कागद अजून आहे.