कुणाचं आहे हे?

कुणी हात वर नेला, मान वळवली किंवा गिरकी घेतली की दादा टाळी वाजवून सगळ्यांना थांबवायचे आणि विचारायचे, "कुणाचं आहे हे?" समोरचा हिंदी बोलणारा असला तर, "किसका है ये?" विचारताना मान तिरकी आणि एक हात कानामागे. उत्तर मिळेपर्यंत तो हात खाली यायचा नाही.

"मेरा ही है, दादा," असं नवीन पोरगं म्हणायचं.

"तेरा नहीं है. टीव्हीवाले का है. जा, उसको वापस देके आ."

माणूस गेल्यावर त्याच्याबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात. दादांबद्दल चांगलं पुष्कळ आहे, ते मी आधी सांगते. मग दुसरंही सांगणार आहे. ज्यांना ते ऐकवणार नाही त्यांनी मधेच पान उलटावं, माझी काही हरकत नाही.

जबलपुरात बॅले म्हटलं की बाहेरच्यांना पायाच्या बोटांवर तोल सांभाळणाऱ्या गोऱ्या मुली आठवतात. आमचा बॅले सपाट पायांचा. ढोल, मांदर, बासरी आणि शब्दांशिवाय सांगितलेली गोष्ट. तालमीला एका शाळेचं रिकामं गोदाम होतं. दादा दिवसभर रेल्वेच्या कचेरीत असायचे आणि संध्याकाळी आमचे व्हायचे. आल्या आल्या चपला बाहेर काढून ते जमिनीला तळहात लावायचे, तापलेल्या पोराचं कपाळ बघावं तसा. "आज थंडी है. घुटने बचाओ," एवढं सांगून सुरुवात.

त्यांचा नियम एकच होता. प्रत्येकाने आपल्या घरातली एक हालचाल आणायची, आणि ती करण्याआधी ती कुणाची आहे ते मोठ्याने सांगायचं. पनागरहून येणारी एक मुलगी आजीची बिडी वळण्याची बोटं घेऊन आली. तिने रोज आधी म्हणायचं, "ये मेरी दादी का है," आणि मग बोटं हलवायची. एका उंच पोराने वडिलांची स्कूटर आणली, म्हणजे ती आधी आडवी करून, कुशीवर थोपटून, मग किक मारण्याची त्यांची पद्धत. दादांनी त्याचा असा काही नाच बसवला की प्रयोगाला आलेले वडील खुर्चीत लाल झाले. पुढे त्यांनी ती स्कूटर विकून टाकली, पण आपल्यावर बॅले झालाय हे चौकातल्या प्रत्येक पानठेल्यावर सांगून आले.

मी तेव्हा कॉलेजात होते. माझ्या घरात नाचण्यासारखं काय असणार, या विचाराने मी आठवडाभर रिकाम्या हाताने जात होते. शेवटी दादा वैतागले. "अगं, घरात कोणी हलतच नाही का तुझ्या?"

मग मी आईचं केलं.

आमचं घर मदन महलच्या टेकडीच्या अंगावर, काळ्या दगडांच्या मधल्या वस्तीत. वडील नागपूरकडून फॅक्टरीच्या नोकरीसाठी आलेले. नळ खाली, रस्त्यापाशी. आई कमरेवर घागर घेऊन चढायची. अर्ध्या वाटेवर एक कूस भरून यायची, पण घागर खाली ठेवायची सोय नव्हती, कारण एकदा ठेवली की उचलून द्यायला कोणी नाही. मग आई उताराकडे पाठ करायची, घागर पोटाशी घ्यायची आणि जागच्या जागी एक पूर्ण फेरा घ्यायची. फेरा संपेपर्यंत घागर दुसऱ्या कमरेवर गेलेली असायची. एक थेंब सांडायचा नाही.

मी ते केल्यावर दादांची टाळी आली नाही. हातही कानामागे गेला नाही. ते खाली जमिनीवर बसले आणि म्हणाले, "पुन्हा कर." आणि मग, "मला तुझ्या आईकडे ने."

दुसऱ्या रविवारी दादा आमच्या अंगणात. आईने लाजत रिकामी घागर घेऊन फेरा करून दाखवला. दादा म्हणाले, "काकू, रिकामी नको, भरलेली." आणि स्वतः घागर घेऊन खाली नळावर गेले. येताना अर्धी सांडून, विजारीचे दोन्ही पाय भिजवून, दम खात आले. आई पदर तोंडाला लावून हसली. मग तिने ती अर्धी घागर घेऊन फेरा दाखवला.

"हे जमतं कसं, काकू?"

"काय जमाचं त्यात? पाण्याले समजूच द्याचं नाही, का आपण कूस बदलली म्हून."

दादांनी ते वाक्य स्वतःशीच दोनदा म्हणून पाहिलं. मग वाकून आईच्या पाया पडले. आमच्या वस्तीत त्यांच्यासारख्या घरचा माणूस कुणाच्या पाया पडलेला मी तोवर पाहिला नव्हता. आई घाबरून मागेच सरली.

त्यातून 'चढण' झाला. पाऊण तासाचा बॅले, आणि मधोमध माझा तो फेरा. तालमीत दादा ओरडायचे, "पानी को पता नहीं चलना चाहिए!" आणि प्रत्येक वेळी आधी मला म्हणावं लागायचं, "हे माझ्या आईचं आहे." हे वाक्य म्हटल्याशिवाय ढोलवाला ढोलाला हात लावायचा नाही.

दादांची आई रेल्वेच्या बंगल्यात राहायची. एकदा तालमीनंतर दादा आम्हा चारपाच जणांना तिथे घेऊन गेले. त्या बाई दिसायला फार सुरेख, हात लोण्यासारखे. कौतुकाने सांगत होत्या की लग्नानंतर आपण कधी तांब्याही उचलला नाही, साहेबांनी पाण्याला माणूस ठेवला होता. मग त्यांनी आम्हाला एकेकाला आडनावं विचारली. माझं ऐकून त्या आत गेल्या. चहा आला तो मोलकरणीच्या हातून, आणि माझा कप वेगळा होता.

दादांनी तो पाहिला. स्वतःचा कप तसाच ट्रेमध्ये ठेवला, उठले, "चलो" म्हणाले आणि आम्हाला सगळ्यांना घेऊन बाहेर पडले. नाक्यावरच्या टपरीवर त्यांनी माझ्या हातात पहिला ग्लास दिला. त्यांचे डोळे भरलेले होते. त्या दिवशी मला कुणी विचारलं असतं की देव कसा असतो, तर मी टपरीकडे बोट दाखवलं असतं. आमच्या घरी देव मानत नाहीत, तरीसुद्धा.

'चढण'च्या पहिल्या प्रयोगाला आईला येता आलं नाही, वडील दवाखान्यात होते. दादा स्वतः घरी आले. "काकू, हा पुन्हा होईल तेव्हा तुम्ही पहिल्या रांगेत. आणि मी मंचावरून तुमचं नाव घेईन. हे कुणाचं आहे ते सगळ्या जबलपूरला कळू दे."

"नाव कायले, मास्तर?" आई म्हणाली. "पाणी तं समद्याच भरतात."

आई ते तिथेच विसरली. मी नाही विसरले.

पुढे काय होतं तुम्हाला ठाऊक आहे. ढोलवाला गेला, मुलींची लग्नं झाली, मी सरकारी नोकरीला चिकटले, आमच्या वस्तीत घरोघरी नळ आले. आमचं बॅले मंडळ कधी चाले, कधी नुसतं बोर्डावर उरे. मधे एकदा हिंदी पेपरात दादांची मुलाखत आली, त्यात होतं की 'चढण'ची कल्पना त्यांना लहानपणी घरीच सुचली. मी नवऱ्याला म्हटलं, हे पत्रकार कान बंद करून ऐकतात. पत्रकाराला शिव्या देऊन मी मोकळी झाले.

दोन वर्षांपूर्वी मंडळ पुन्हा उभं राहिलं. बाहेर शिकून आलेली पोरं, नवे दिवे, आणि तीन संध्याकाळींचा महोत्सव. रोज एक नवीन बॅले आणि एक जुना. नव्यातल्या एकात सगळे जण बराच वेळ पाठमोरे उभे राहतात आणि लॅपटॉपमधून कुकरसारखा आवाज येतो. मला तो कळला नाही, पण आवडला. जुन्यांत 'चढण' होता.

दादांचा फोन आला. आवाज थकलेला. "तू शिकवशील ना पोरीला? तुझ्याशिवाय कुणाच्या अंगात आहे तो?"

मी कचेरीतून थेट तालमीला जाऊ लागले. शिकणारी मुलगी शहपुऱ्याची, गुणी. मी तिला पहिल्या दिवशी विचारलं, "किसका है ये?" ती गोंधळली. मी सांगितलं, "मेरी आई का. रोज बोलना, फिर घूमना." ती रोज बोलायची. दादा कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून ऐकायचे आणि मान डोलवायचे. तेही मी पाहिलेलं आहे.

प्रयोगाच्या दिवशी आईने वंदनेला नेसते ती निळ्या काठाची पांढरी साडी काढली. "इतकं काय आहे न आज?" ती विचारत होती. मी म्हटलं, "चल तर." गुडघे धरून ती ऑटोत चढली. पहिल्या रांगेत जागा मीच धरून ठेवली होती. आत अंधार झाल्यावर तिने माझा हात धरला.

'चढण' सुरू होण्याआधी दादा मंचावर आले. पांढरा कुर्ता, हातात माईक. मी आईला कोपराने हलवलं, ऐक म्हणून.

"आज मैं आपको अपनी माँ से मिलवाना चाहता हूँ," दादा म्हणाले. "वो पहाड़ी पर पानी लेके चढ़ती थी. बीच रास्ते में घड़ा नीचे नहीं रखती थी. घूमके कमर बदल लेती थी. मैं छोटा था, पूछता था, माँ, कैसे करती हो? तो कहती थी, पानी को पता नहीं चलना चाहिए."

टाळ्यांनी सभागृह भरून गेलं. कुणीतरी मागे नाक शिंकरलं. विंगेत शहपुऱ्याची मुलगी उभी होती, ती दादांकडे पाहत होती आणि मग तिने पहिल्या रांगेत मला शोधलं. मी तिच्याकडे बघू शकले नाही. माझ्या आईची अख्खी चढण, तिच्या तोंडचं वाक्यसुद्धा, या माणसाने उचलून त्या लोण्यासारख्या हातांत ठेवलं होतं. माझ्या आईच्या डोळ्यांसमोर.

आई माझ्या कानाशी आली. तिचे गाल ओले होते.

"पाह्य न, त्याची मायबी पाणी भरे. म्हूनच तवा आपल्या अंगणात येऊन तसा पाहून राहिला होता. त्याले माय आठवली असन." मग माझ्याकडे बघून, "तू काहून रडून राहिली?"

मी बॅले पाहिला नाही. फेऱ्याच्या वेळी आई पुढे वाकली आणि तिचा हात आपोआप कमरेवर गेला, तेवढं मात्र दिसलं.

प्रयोग संपल्यावर आई हट्टालाच पेटली, मास्तरांना भेटायचंच. मेकअपच्या खोलीत गर्दी, हारतुरे, फोटो. दादांनी आईला पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. आईने त्यांचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले.

"तुमच्या मायनं लय सोसलं, मास्तर. तवाच सांगतलं असतं तं मी तुमच्यासमोर हासली नसती."

इथे त्यांना बोलता आलं असतं. एक वाक्य पुरलं असतं. खोलीत कॅमेरेवाले होते हे खरं, पण आईचा कान त्यांच्या तोंडापासून वीतभर होता. दादा म्हणाले, "हो, काकू." आणि वाकून तिच्या पाया पडले.

ते सरळ झाले तेव्हा मी विचारलं, "दादा, कुणाचं आहे हे?"

त्यांनी नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे नेली. "अगं, मंचावर एकच आई असते. तुझी काय, माझी काय."

"बरोबर बोलले," आई म्हणाली.

एकच असते तर माझी का नसावी? हे मला ऑटोत बसल्यावर सुचलं. असल्या गोष्टी नेहमी ऑटोतच सुचतात. त्यांनी तसं का केलं ते मला आजही कळलेलं नाही. म्हातारपणी स्वतःच्या आईला माफ करावंसं वाटलं असेल, किंवा टाळ्यांची तहान लागली असेल. दुसऱ्या गावांतल्या प्रयोगांतही ते तेच बोलले, असं ऐकते. त्यांचे फोन आले, मी उचलले नाहीत. टपरीवरचा तो ग्लास मला आठवायचा आणि मग जास्तच राग यायचा. नुसता वाईट माणूस असता तर मी केव्हाच विसरून गेले असते.

या हिवाळ्यात दादा गेले. शोकसभेत 'चढण'मधला फेरा करणार होते, त्यांच्या आईच्या आणि त्यांच्या स्मरणार्थ. मी गेले नाही. शहपुऱ्याच्या मुलीचा निरोप आला, "दीदी, मैंने मन में आपकी आई का नाम लिया." तो वाचून मी कचेरीच्या जिन्यात बसून रडले.

संध्याकाळी आईला बातमी सांगितली. ती उठली, भिंत धरत धरत आतल्या खोलीत गेली आणि बुद्धांच्या फोटोपुढे मेणबत्ती लावायला लागली. एक लावून झाल्यावर तिने डब्यातून दुसरी काढली.

"ही कोणाची?" मी विचारलं.

"त्याच्या मायची. तिलेबी कोणी घागर उचलून देल्ली नसन."

तिच्याने काडी पेटत नव्हती. मी तिच्या हातातून काडेपेटी घेतली आणि दुसरी मेणबत्ती लावली.