अडोबोत कुणाचा हात

अनिसेतोच्या घरातून लसूण परतल्याचा वास यायला लागला, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. जळका वास आला असता तर मी लक्षही दिलं नसतं. त्या घरातून दहा वर्षं तोच येत होता. पण हा वास लसूण नेमका सोनेरी झाल्यावर कांदा पडल्याचा होता. असला वास पुरुषाच्या हातून निघत नाही.

अनिसेतो म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा, फेलिसाचा नवरा. आमच्या गुमाका गावच्या बाजारात प्रवासी तीनचाकी चालवतो. अबोल माणूस, कुणी शिवी दिली तरी हॉर्न न वाजवणारा. फेलिसा हाँगकाँगला परक्यांचं घर सांभाळायला गेली आणि हा डब्यातल्या सार्डिन माशांवर आणि नूडल्सवर जगायला लागला. एकदा त्याने भात असा करपवला की ते पातेलं मीच परसात पुरून आले. मुलगी मनिलाला शिकायला गेल्यापासून घरात एकटाच. अशा माणसाचा स्वयंपाक अचानक नीट जमायला लागला, तर शहाण्या बाईने काय समजायचं?

त्यात फेलिसाचा फोन आला. तिचा करार संपत आला होता.

"ताई, शनिवारच्या आत सांगायचंय. परत यायचं, की आणखी दोन वर्षांची सही करायची. ते घर अजून माझं राहिलंय का, तेवढं बघून सांग."

"बघते," मी म्हटलं. बघायचं काम मला दोनदा सांगावं लागत नाही.

बुधवारी मी मुद्दाम वाडगाभर भोपळ्याची भाजी त्याच्याकडे नेऊन दिली. आमच्याकडे शेजारचा वाडगा रिकामा परत करत नाहीत, आणि ते माझ्या पथ्यावरच पडणार होतं. संध्याकाळी तो वाडगा घेऊन दारात उभा. आत कोंबडीचा अडोबो, व्हिनेगरमध्ये शिजवलेला आमच्याकडचा रस्सा. "जरा चाखून बघा, ताई," म्हणाला आणि नजर चुकवून सटकला.

मी चाखला. सोया सॉस, लसूण, मिरी, तमालपत्र, सगळं बेताचं. पण मी चमकले ती व्हिनेगरमुळे. अडोबोत व्हिनेगर ओतलं की उकळी फुटेपर्यंत डाव घालायचा नाही, नाहीतर कच्चा उग्रपणा राहतो. आमच्याकडच्या पोरी हे हातावर चापट्या खाऊन शिकतात. पुरुषांना पातेलं दिसलं की ढवळायची खाज सुटते. या अडोबोत कच्चेपणाचा मागमूसही नव्हता. झालं, बाईचाच हात.

कोण बाई, ते दुसऱ्याच दिवशी बाजारात कळलं. मासळीवाल्या सिद्राच्या पुढ्यात हा पंधरा मिनिटं उभा. सिद्रा विधवा, हसरी, आणि माझ्या मते गरजेपेक्षा जरा जास्तच हसरी. हा खालच्या आवाजात काहीतरी विचारत होता आणि ती हातातली सुरी थांबवून हसत होती.

"काय गं, आज मासे विकायचेत की नाही?" मी जवळ जाऊन विचारलं.

"तुमचा मेहुणा विकू देईल तर ना," ती म्हणाली. "रोज येऊन डोकं खातो माझं."

अनिसेतोचे कान लाल झाले. मला आणखी कसला पुरावा हवा होता? घरी आले आणि फेलिसाला फोन लावला. "तुझ्या स्वयंपाकघरात दुसऱ्या बाईचा हात आहे. मी चवीवरून ओळखलं."  "बरं, ताई," एवढंच ती म्हणाली.

शुक्रवारी मी त्याला रंगेहाथ पकडायला निघाले. शुक्रवारी आमच्याकडे घरोघरी मूग शिजतात, तेव्हा ती बया चुलीपाशीच सापडेल असा माझा हिशेब. मागच्या दाराने शिरले. आत अनिसेतो एकटा, शेवग्याचा पाला खुडत बसलेला. एका शेगडीवर मूग, दुसरीवर कोंबडी. मी न्हाणीत डोकावले, पलंगाखालीसुद्धा पाहिलं.

"काय हरवलंय, ताई?"

"ती कुठे आहे?"

"कोण?"

"तुझा स्वयंपाक करणारी."

"मीच की."

"थापा मारू नकोस. तुझं भाताचं पातेलं मी पुरलंय."

 तो उठला आणि त्याने कोंबडीत व्हिनेगर ओतलं. मी मुद्दाम डाव उचलला. पातेल्यात घालणार तोच त्याने माझं मनगट धरलं.

"थांबा. आधी उकळी फुटू दे."

मी डाव खाली ठेवला.

"कुणी शिकवलं तुला?"

"सिद्राने. रोज एक गोष्ट विचारतो. ती म्हणते, मासे कमी खपतात आणि शिकवणीच जास्त चालते." त्याने मुगाखालचा गॅस बंद केला आणि वरून पाला टाकला. "फेलिसाने इतकी वर्षं परक्यांना करून घातलं. आल्यावर तिने नुसतं बसून जेवावं, असं मनात आहे. म्हणून तुम्हाला चाखायला दिलं. तिच्या आवडीचं झालंय का, ते तुमच्याशिवाय कोण सांगणार?"

तेवढ्यात माझ्या फोनवर फेलिसाचा निरोप आला. "आणखी दोन वर्षांची सही केली. त्याला काही विचारू नकोस."

 लपवता आलं असतं, पण तेवढी निर्लज्ज मी नव्हते. मी काय सांगितलं, कशावरून सांगितलं, सगळं त्याच्यापुढे ओकून टाकलं आणि निरोपही वाचून दाखवला.

"आत्ता फोन लावते तिला," मी म्हटलं. "चूक माझी आहे. मीच निस्तरते."

"तुमचं मी समजू शकतो, ताई. तुम्हाला तसं वाटलं, तुम्ही सांगितलंत." तो माझ्याकडे पाठ करून पातेल्यासमोर उभा होता. "दहा वर्षांत मी तिला एकदाही विचारलं नाही, तू तिकडे कुणाबरोबर असतेस म्हणून. आणि तिने सही करण्याआधी मला एक फोनसुद्धा केला नाही?"