जमीन तुमची, झाड आमचं

जगातल्या कुठल्याही अडचणीचं उत्तर पूर्व इंडोनेशियातल्या एका बेटावर आधीच सापडलेलं आहे, असं ठामपणे मानणारा माणूस पृथ्वीवर एकच असावा, आणि तो नेमका माझ्या मावसबहिणीला नवरा म्हणून मिळाला. आम्ही सगळे आयर्लंडमधल्या गॉलवेत राहतो. मी इथल्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते आणि भावजी वैद्यकीय उपकरणं बनवणाऱ्या एका कंपनीत इंजिनिअर आहेत. घरभाडं वाढलं, मुलांना सर्दी झाली, ऑफिसात भांडण झालं, नाहीतर पुरणात गूळ जास्त पडला, काहीही होवो, भावजी चहाचा कप खाली ठेवतात, खिडकीबाहेरच्या पावसाकडे बघतात आणि म्हणतात, "आमच्या बेटावर काय करतात माहितीये?" मग माझी ताई उठून कुकर लावायला जाते, कारण ते सांगून होईपर्यंत वरणभात आरामात होतो.

लग्नाआधी ते पुण्याच्या एका संस्थेतर्फे तिथे सौरदिवे बसवायला गेले होते. काम थोडक्यात उरकून परत यायचं होतं. पण ते एका बोटीने उतरले आणि दिव्यांच्या बॅटऱ्या दुसऱ्या बोटीने दुसऱ्याच बेटावर गेल्या. गावाने सांगितलं, बॅटऱ्या येतील, तोवर बस. भावजी बसले ते दोन पावसाळे बसले. तेवढ्यात ते साबुदाण्याच्या झाडाचा बुंधा कुटायला शिकले, मासे वाळवायला शिकले आणि पुण्यात शिकलेलं बरंचसं विसरून आले. बेटाचं नाव मात्र ते कुणालाही सांगत नाहीत. "नाव सांगितलं की तुम्ही फोनवर शोधणार. तिथे नुसता निळा रंग दिसणार. मग म्हणणार, इथे तर काहीच नाही." माझ्या नवऱ्याचं मत असं की असलं बेटच नाही आणि भावजी ती दोन वर्षं चिपळूणला होते. बेट खरं असेल ही आशा मी मात्र सोडलेली नाही. दर भेटीत मी एखादा खोचक प्रश्न विचारते, तिथे दाढदुखीला काय करतात, तिथे सासू-सून वेगळ्या राहतात का, आणि भावजी एकदाही अडखळत नाहीत. खोटं बोलणारा माणूस कधीतरी अडखळेल, असं आपलं मला वाटतं.

त्यांच्याबरोबर प्रवास करणं हा एक स्वतंत्र अनुभव आहे. डब्लिनची बस तासातासाला सुटते, पण भावजी वेळापत्रक बघत नाहीत, कारण बेटावर बोट यायची तेव्हा येते आणि कप्तानाच्या नातलगाचं लग्न असेल तर येतही नाही. म्हणून ते चटई, थर्मास, तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा आणि एक छोटी उशी घेऊन स्टॉपवर जातात आणि बैठक मारतात. शेजारी कुणी बोलायला भेटलं तर समोर आलेली बस ते सोडूनही देतात. ताई यावर आयुष्यभर चिडत आली आहे. पण एकदा वादळामुळे बसगाड्याच बंद झाल्या, सगळा स्टॉप फोनवर बोट आपटत, चरफडत उभा राहिला, आणि त्या सगळ्या गर्दीत भावजी एकटे शांत होते. त्यांनी डबा उघडला. कॉलेजची पोरं, नन, गिटारवाला, सगळ्यांनी पुऱ्या खाल्ल्या. शेवटी बस आली तेव्हा गिटारवाला म्हणाला, "ग्रँड," म्हणजे इकडचं 'छान', "आणखी थोडी उशिरा आली असती तरी चाललं असतं."

दुसरी सवय म्हणजे तो प्रश्न. बेटावर कुणी दिसलं की "कसे आहात" विचारत नाहीत, "कुठून आलात, कुठे चाललात" विचारतात. भावजी इथे तेच विचारतात, कचऱ्याची गाडी घेऊन येणाऱ्याला, लिफ्टमध्ये भेटणाऱ्याला, दवाखान्यात सुई टोचणाऱ्या नर्सला. डब्लिनच्या विमानतळावर पासपोर्ट तपासणाऱ्या अधिकाऱ्याने त्यांना विचारलं, कुठून आलात? भावजींनी उत्तर दिलं आणि उलट विचारलं, "आणि तुम्ही?" ताईने डोळे मिटून घेतले. अधिकाऱ्याने शिक्का खाली ठेवला, जरा विचार केला आणि म्हणाला, "ट्यूम गावचा मी. आणि सहा वाजले की घरी, देवाची कृपा असेल तर." मागची रांग हसली आणि शिक्का पडला.

पण भावजींचा खरा अभ्यासाचा विषय म्हणजे मालकी. त्या गावात जमीन कुळाची असते, पण झाड ज्याने लावलं त्याचं. तुमच्या परसात मी नारळ लावला तर माती तुमची, नारळ माझे, आणि माझ्यामागे माझ्या मुलांचे. फळं धरली की मालक बुंध्याला नारळाचं कोवळं पान बांधतो, आणि ते पान सुटेपर्यंत त्या झाडाला गावात कुणी हात लावत नाही. कुलूप नाही, कुंपण नाही, नुसतं पान. भावजी ऑफिसातही हाच कायदा चालवायला गेले. इकडे कपाटाला प्रेस म्हणतात. ऑफिसच्या स्वयंपाकघरातल्या प्रेसमध्ये त्यांची शेंगदाण्याची चटणी होती आणि ती कुणीतरी संपवत होतं. गॉलवेच्या समुद्रकाठच्या बागांमधून ताडासारखी दिसणारी, लांब टोकदार पानांची झाडं असतात. त्यातलं एक पान आणून भावजींनी प्रेसच्या मुठीला बांधलं. चहाच्या पुड्याही त्याच प्रेसमध्ये होत्या. आठवडाभर अख्ख्या मजल्याने चहा घेतला नाही आणि विचारायची हिंमतही कुणी केली नाही. शेवटी मॅनेजर हळूच येऊन म्हणाला, "ते पान... त्यामागे काही धार्मिक आहे का?"

भावजी बेटावरून निघाले त्या दिवशी, ते ज्यांच्या घरी राहत होते त्या आजोबांनी किनाऱ्याजवळ एक कोंब आलेला नारळ भावजींच्या हाताने लावून घेतला आणि त्याच्याभोवती पान बांधलं. ज्याचं झाड गावात आहे तो गावचा, नाही तो पाहुणा, एवढाच तिथला हिशोब. भावजींना तो फार आवडला. म्हणून गॉलवेला त्यांची मुलगी सई जन्मली तेव्हा ताई हॉस्पिटलात असतानाच त्यांनी भाड्याच्या घराच्या पुढच्या अंगणात तिच्या नावाने झाड लावलं. गावाबाहेरच्या एका पाऊलवाटेच्या कडेला उगवलेलं रोपटं त्यांनी सफरचंदाचं समजून उपटून आणलं होतं. शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी ते पाहिलं आणि नुसती मान हलवली. भावजींना वाटलं, कौतुक केलं. दोन-तीन वर्षांत झाडाला काटे आले, मग पांढरी फुलं, मग गुंजेपेक्षा जरा मोठी लाल फळं, ज्यात बीच जास्त. सफरचंद काही आलं नाही. ते आयरिश रानातलं काटेरी झाड निघालं.

पुढे त्यांनी घर सोडलं आणि फ्लॅटमध्ये राहायला गेले. तरी दर शरद ऋतूत भावजी जुन्या अंगणात जाऊन "आपली" फळं तोडून आणायचे. घरमालक भला माणूस होता, तो त्यांना चहाही द्यायचा. सईला मात्र या सगळ्याने अवघडल्यासारखं व्हायचं. तिला मराठी सगळं समजतं, पण उत्तर देते गॉलवेच्या ठसक्यातल्या इंग्रजीत. बाबाने बसमध्ये लोकांना "कुठून आलात" विचारलं की ती दुसऱ्या सीटवर जाऊन बसते. कारण तोच प्रश्न तिला शाळेत वेगळ्या अर्थाने विचारतात. ती सांगते, गॉलवेची. मग ते विचारतात, "हो, पण खरी कुठली?" भावजींनी मला हे एकदा भांडी विसळताना सांगितलं, आणि त्या दिवशी बेटाचा विषय काढला नाही. एवढंच म्हणाले, "तिला दाखवायला एक झाड तरी आहे."

आणि तेच झाड जायची वेळ आली. घरमालकाने घर विकलं. नव्या मालकीणबाईंना पुढच्या अंगणात गाडी उभी करायला जागा हवी होती. भावजी पुऱ्यांचा डबा घेऊन भेटायला गेले आणि म्हणाले, "जमीन तुमची, त्यात वादच नाही. पण झाड माझ्या मुलीचं आहे." बाई चांगल्या होत्या. त्यांनी दोनदा ऐकून घेतलं, डबा ठेवून घेतला आणि सांगितलं की घराची कागदपत्रं वकिलाने नीट तपासली आहेत, त्यात झाडही आलंच. मग भावजींनी विचारलं, निदान एक पान बांधू का? बाईंनी मुलाला चॉकलेट द्यावं तशी परवानगी दिली. भावजींनी बुंध्याला समुद्रकाठचं लांब पान गुंडाळलं, गाठ मारली आणि घरी आले.

शनिवारी सकाळी ताईचा फोन आला. "तू ये गं. आज झाड उपटायला डिगर येणार आहे आणि हा तिथे जाऊन बसलाय." मी पोचले तेव्हा भावजी फाटकाबाहेरच्या फुटपाथवर चटई टाकून, थर्मास शेजारी ठेवून बसले होते. अंगणात पाऊल टाकलं नव्हतं, कारण जमीन त्यांची नव्हती. सई गाडीत खिडकीची काच वर करून बसली होती. छोटा डिगर फाटकातून आत गेला, झाडासमोर उभा राहिला आणि बंद पडला. बंद पडला नव्हता, ड्रायव्हरने बंद केला होता. साठी उलटलेला गडी, खाली उतरून बुंध्याला बांधलेल्या पानाकडे बघत राहिला.

"हे कुणी बांधलं?"

"बाहेर बसलाय ना, युअर मॅन," मालकीणबाई म्हणाल्या. इकडे 'तो बुवा' म्हणायचं असलं की असंच म्हणतात.

"मग मी याला हात लावणार नाही."

इकडे असं काटेरी झाड एकटं उभं असलं की ते पऱ्यांचं असतं आणि ते तोडणाऱ्याचं बरं होत नाही, असं जुनी माणसं समजतात, हे मला लॅबमधल्या मैत्रिणीने सांगितलं होतं. त्यातून त्याला कुणी काही बांधलेलं असलं तर बघायलाच नको.

"अहो, ते पऱ्यांचं वगैरे नाहीये," बाई म्हणाल्या.

"आहे असं मी कुठे म्हटलं? माझा विश्वासच नाही त्यावर. मी एवढंच म्हणतोय, की मी हात लावणार नाही. माझ्या चुलत्याने एकदा लावला होता." चुलत्याचं पुढे काय झालं ते त्याने सांगितलं नाही, आणि विचारायला मी कितीही आतुर असले तरी ती वेळ नव्हती.

ताईने माझा हात घट्ट दाबला. झाड वाचलं होतं. आता फक्त भावजींनी गप्प बसायचं होतं. तेवढ्यात भावजी चटईवरून उठले. ताईने त्यांची बाही धरली, "अरे, राहू दे ना!" पण त्यांचा चेहरा पडला होता. "असं नको गं. भुताच्या भीतीने सोडलेलं झाड भुताचं. मग सईचं काय?" आणि फाटकाशी उभं राहून त्यांनी खरं ते सांगून टाकलं. यात परी नाही. हे पान आमच्या बेटावरचं. मग बोट, बॅटऱ्या, आजोबा, नारळ, सगळं आलं. मी मनात म्हटलं, गेलं झाड.

ड्रायव्हरने सगळं ऐकून घेतलं, खरं म्हणजे चवीने ऐकलं. मग इकडेतिकडे बघत म्हणाला, "आणि ती मुलगी कुठाय?"

गाडीची काच एव्हाना थोडी खाली आली होती, सईने ऐकलंच असणार. ती उतरून आली. ड्रायव्हरने टोपी मागे सारली. "हे झाड तुझं का?"

सईने बाबाकडे पाहिलं, झाडाकडे पाहिलं. वाटलं, आता खांदे उडवेल. "इट इज," ती म्हणाली. अगदी गॉलवेची पोर म्हणते तसं. खरी कुठली हे तिला कुणीच विचारलं नाही.

मालकीणबाईंनी पानाची गाठ बोटाने ओढून पाहिली. मग हसायलाच लागल्या. "हे घर मिळेपर्यंत किती वर्षं रांगेत उभी होते मी. आणि आता कळतंय की झाड सोडून घेतलंय." मग ड्रायव्हरला म्हणाल्या, "गाडी डावीकडे मावेल का?" "ग्रँड," तो म्हणाला आणि एकदाचा डिगर सुरू केला. जाता जाता बाईंनी सईला बजावलं, की तुझी फळं माझ्या वाटेवर सांडतात, दर वर्षी येऊन तोडून न्यायची.

तेव्हापासून दर शरद ऋतूत आम्ही सगळे वाडगी घेऊन जातो. ताई त्या फळांची जेली करते. रंग फार सुरेख येतो, चव खोकल्याच्या औषधाची. भावजी मिटक्या मारत खातात, आणि आम्हीही खातो, कारण नाही म्हणून सांगणार कुणाला.

परवा फळं तोडून झाली आणि भावजी बुंध्याचं जुनं पान सोडून नवं बांधत होते. सई वाडगं धरून उभी होती. एकदम म्हणाली, आणि चक्क मराठीत, "बाबा, तुझ्या झाडाला पान कोण बांधतं?"

मी इतकी वर्षं खोचक प्रश्न विचारत आले, पण हा मला सुचला नव्हता. भावजी परत कधी गेलेच नाहीत. आधी नोकरी, मग सई, मग घरभाडं. पुढच्या वर्षी नक्की, असं दर वर्षी म्हणत राहिले. ते आजोबा आहेत की नाहीत, तेही त्यांना ठाऊक नाही. भावजी पहिल्यांदा अडखळले. हातातली गाठ तशीच राहिली. "माहीत नाही गं," ते म्हणाले. रचलेलं बेट असतं तर उत्तरही रचता आलं असतं. त्या क्षणी माझी खात्री पटली, की ते बेट आहे, तिथे किनाऱ्याजवळ एक नारळाचं झाड आहे आणि त्याला बहुधा पान नाही.

सईने वाडगं माझ्या हातात दिलं. पिशवीतून आणखी एक पान काढलं आणि त्या नारळाच्या नावाने, बाबाच्या पानाच्या खाली, त्याच बुंध्याला बांधलं. गाठ सैल होती, भावजींनी ती घट्ट करून दिली. परतताना गाडीत मी मुद्दाम विचारलं, बेटावर या दिवसांत काय करतात हो? भावजी खिडकीबाहेर बघत राहिले, आणि सगळ्या रस्त्यात त्यांनी एकही गोष्ट सांगितली नाही.