शेजारच्या खाटेवरची जिलेबी

यवतमाळच्या दवाखान्यात बाबांच्या शेजारच्या खाटेवर एक म्हातारा होता. त्याची बायको रोज आमच्याकडे पाठ करून बसायची आणि त्याला जिलेबीचे बारके तुकडे भरवायची. मला ती बाई खटकायची. शुगरच्या पेशंटला कोणी जिलेबी देतं? हिला नवरा जड झालाय, अशी माझी खात्रीच झाली होती.

एकदा मी टोकलंच, "मावशी, यायले हे चालते काय?"

"डॉक्टरनंच सांगतलं, मांगतीन ते द्या," ती बोटं पदराला पुसत म्हणाली. मला ते साफ खोटं वाटलं.

परवा डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं. माझ्याकडे न बघता म्हणाले, "आता पथ्य राहू द्या. बाबा मागतील ते द्या."

मी आत आलो. तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि काही न विचारता डबा बाबांच्या खाटेकडे सरकवला.